बल्दियाची बाग आणि परसातली अंबाडी

एकाच भाजीला दोन-तीन नावे असणे ही आपल्या सीमाभागाची श्रीमंती आहे. आपण जिला अंबाडी म्हणतो ती तेलुगू शेजारणीच्या घरी गोंगूरा होते आणि चारमिनारच्या बाजूला गेले की 'अंबाडे की भाजी' होते. आपला चुका हा त्यांचा चुक्काकूरा, माठ तो तोटाकूरा, मयाळू ती बच्चली. शेवग्याला आपल्याकडचे काही जुने लोक मुंगणा म्हणतात, तेलुगूत तो मुनगा. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला ते भाषापंडितांनी ठरवावे. देगलूर, उदगीर, भालकी, आदिलाबाद या पट्ट्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. नावे दोन असली तरी परस एकच होते. न्हाणीचे पाणी आळ्यात जायचे आणि त्यावर घरची भाजी निघायची.

नोकरीच्या निमित्ताने मी हैदराबादेत आलो त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. काचीगुड्याच्या ज्या गल्लीत बिऱ्हाड केले तिथे तेव्हा प्रत्येक वाड्यामागे थोडे तरी परस होते. आता त्या वाड्यांच्या जागी चार-चार मजले उभे आहेत आणि परसाच्या जागी स्कूटरी. अलीकडे सभासंमेलनांतून एक विचार नव्याने ऐकू येतो: शहरात नगरपालिकेने आणि गावात पंचायतीने सार्वजनिक जागेवर भाजीमळे करावेत, म्हणजे गोरगरिबांच्या ताटात पालेभाजी पडेल. विचार उत्तम आहे. पण तो नवा आहे असे जे म्हणतात त्यांनी हैदराबाद आणि त्याच्या आसपासचा इतिहास चाळलेला नाही. हा प्रयोग वेगवेगळ्या नावांनी पूर्वीच होऊन गेला आहे. तो का रुजला नाही, याचा हा थोडा धांडोळा.

हैदराबादला बागांचे शहर म्हणतात ते खरेच आहे. बशीरबाग, जामबाग, रामबाग, कुंदनबाग, बाग लिंगमपल्ली ही सगळी मोहल्ल्यांची नावे आजही बसच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. परंतु या बागा होत्या अमीर-उमरावांच्या. शहराचे पोट भरायचे ते तलावांच्या आयकटावर. हुसेनसागर कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात बांधला गेला. मीर आलम तलाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तलावाच्या बांधाखालची ओली जमीन म्हणजे भाताची खाचरे आणि भाज्यांचे वाफे. पुढे तलाव बुजत गेले. मासाब टँक नावाच्या भागात आज टँक शोधूनही सापडत नाही. हयात बक्षी बेगम म्हणजे 'माँसाहेबा', त्यांच्या नावाचा तो तलाव. आता नुसते नाव शिल्लक आहे. तलाबकट्ट्याचीही तीच गत. तलाव गेला तेव्हा त्याच्या पाण्यावर पिकणारी भाजीही गेली, हे मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले दिसत नाही.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसा नदीला महापूर आला. हजारो माणसे बुडाली, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) उभे राहिले. शहर नव्याने मांडण्यासाठी 1912 साली एक मंडळ नेमले गेले. त्याचे उर्दू नाव होते 'आराइश-ए-बल्दा'. आराइश म्हणजे सजावट, बल्दा म्हणजे शहर. महापालिकेला हैदराबादी माणूस आजही बोलताना 'बल्दिया' म्हणतो तो याच कुळातला शब्द. या मंडळाने कोंदट वस्त्या मोकळ्या केल्या, रुंद रस्ते आखले, उद्याने काढली. त्या कामाचे मोल कमी नाही. पण नावातच सजावट होती. सार्वजनिक बाग म्हणजे डोळ्यांना सुख देणारी जागा, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

योगायोग असा की त्याच 1908 साली इंग्लंडात एक कायदा झाला. त्यानुसार गावातल्या सहा मतदारांनी वा करदात्यांनी अर्ज केला तर भाजी लावण्यासाठी भाड्याने जमिनीचे तुकडे देण्याचा विचार करणे स्थानिक कौन्सिलला भाग पडू लागले, आणि गरज दिसली तर जमीन मिळवून देणे हे तिचे कर्तव्य ठरले. कामगाराच्या बायकोला कौन्सिलकडे कृपा मागावी लागत नव्हती, ती हक्क मागत होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अन्नाची जहाजे बुडवायला सुरुवात केली तेव्हा याच तुकड्यांनी त्या देशाला हात दिला. आपल्याकडेही त्या काळात 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली. मात्र निजामी मुलखातल्या शेतकऱ्याच्या स्मरणात उरली ती लेव्ही. खळ्यावरून सक्तीने उचललेले धान्य मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या वृद्धांनी मरेपर्यंत विसरले नाही.

स्वातंत्र्यानंतर त्या मोहिमेची चौकशी झाली. 1952 च्या अहवालाचे सार असे की पिकाचा प्रश्न खेड्याच्या एकूण जीवनापासून वेगळा काढून सुटत नाही. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली. पुढे बलवंतराय मेहता समितीने सांगितले की निर्णय लोकांच्या निवडलेल्या संस्थांकडे द्या. राजस्थानच्या पाठोपाठ आंध्र प्रदेशाने ते मानले. 11 ऑक्टोबर 1959 रोजी हैदराबादपासून थोड्या अंतरावरच्या शादनगरला पंडित नेहरूंनी तिथल्या पंचायत राज्याचे उद्घाटन केले. त्याआधी एक वर्ष, 1958 साली, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा हैदराबादच्या तारनाक्याला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. म्हणजे कोणी काय खावे हे सांगणारे शास्त्रज्ञ आणि ते पिकवू शकणाऱ्या पंचायती एकाच वेळी एकाच परिसरात आल्या. असा योग विरळा.

या योगातून भाजीमळ्यांचा पहिला मोठा सरकारी प्रयोग आपल्या देशात झाला. 'युनिसेफ' आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या साहाय्याने साठच्या दशकात 'उपयोजित पोषण कार्यक्रम' निघाला. ओरिसापाठोपाठ आरंभीच्या काही राज्यांत आंध्र होता. शाळेच्या आवारात भाजीची बाग, पंचायतीच्या जमिनीवर सामुदायिक मळा, जोडीला कोंबड्या आणि मासे. देखरेख महिला मंडळांची. आणि निघालेली भाजी-अंडी गरोदर बायकांना व लहान मुलांना. कागदावर यात काही खोट नव्हती. 1973 पर्यंत तो सर्व राज्यांत पोचला. नंतर जेव्हा मूल्यमापन झाले तेव्हा दिसले ते असे: मळ्याला योग्य जमीन मिळाली नाही, पाण्याची सोय नव्हती, पैसा तुटपुंजा होता, आणि लोकांना तो मळा आपला वाटलाच नाही.

वाचकहो, या कारणांत 'बी चांगले नव्हते' असे कुठेही नाही. बी वाटणे सर्वांत सोपे. पाणी वाटणे अवघड. आणि जमिनीवरचा हक्क वाटणे त्याहून अवघड. माझ्या मते साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

हा विषय केवळ जिभेचा नव्हता. पोटात पालेभाजी नाही म्हणून त्या काळी मुलांची दृष्टी जात होती. दिवेलागणीला चाचपडणारे मूल म्हणजे रातांधळेपणा, ही ओळख खेड्यातल्या आयांनाही होती. हैदराबादच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनावरून 1970 साली देशभर मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हजारो डोळे त्याने वाचले. तरी डोस हा तात्पुरता उपाय, कायमचा उपाय ताटात, हे संस्थेतल्या लोकांनाही ठाऊक होते. म्हणून नव्वदच्या दशकात आंध्रातल्या वीस खेड्यांत त्यांनी परसबागांचा प्रयोग केला आणि बियाण्याबरोबर आहाराचे शिक्षणही दिले. संस्थेतून निवृत्त झालेल्या डॉ. मेहताब बामजी यांनी पुढे मेदक जिल्ह्यातल्या नरसापूर भागात हेच काम चालू ठेवले.

शहरात काय चालले होते? हैदराबाद महापालिकेने 1967 साली नागरी समूह विकास प्रकल्प सुरू केला. झोपडपट्ट्यांत बालवाड्या, शिवणवर्ग, आरोग्यकेंद्रे काढली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांना जागेचे पट्टे आणि बँकेचे कर्ज मिळवून देऊन घरे बांधायला मदत केली, आणि लोकांनी ती आपल्या हातांनी बांधली. देशातल्या इतर शहरांनी त्याचा धडा घेतला. यातली खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. पट्टा हाती पडला की गरीब माणूस कर्जाला भीत नाही, श्रमाला तर नाहीच. घरासाठी पट्टा मिळाला. वाफ्यासाठी पट्टा द्यावा, हे मात्र कोणाला सुचले नाही.

घटनेतही हीच फूट दिसते. 1992 च्या दुरुस्त्यांनी पंचायतींना आणि पालिकांना कामांच्या याद्या दिल्या. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत पहिलाच विषय शेती आहे. पालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय. त्यात बागा आहेत, पण त्या उद्याने आणि क्रीडांगणे यांच्या ओळीत. खेड्याने पिकवावे, शहराने फिरायला जावे, अशी ती वाटणी. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या बायकांनी एका ओसाड मोकळ्या जागेत पालेभाजी लावण्याची परवानगी मागितली. कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. पण उत्तर मासलेवाईक होते. "अम्मा, पार्कमध्ये फुले लावा, भाजीला हेड नाही." हेड म्हणजे खर्चाचे शीर्षक. त्या अधिकाऱ्याची चूक नव्हती. यादीच तशी होती.

शहर तरीही भाजी पिकवत होते, पण कुठे? अंबरपेट-उप्पलच्या पुढे, मुसेच्या काठाने. धरणांनी अडवलेल्या त्या नदीत बारमाही वाहते ते शहराचे सांडपाणी. त्यावर म्हशींसाठी पॅरा गवत आणि माणसांसाठी पालक, माठ, चुका पिकत आला. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला आहे. गरिबाला परवडणारी पालेभाजी गरिबाच्याच वस्तीतल्या घाण पाण्यावर पिकावी, याला काय म्हणावे?

26 जानेवारी 1999 रोजी आंध्रात रयतु बाजार सुरू झाले. निवडलेल्या शेतकऱ्यांना ओळखपत्रे, दलाल नाही, भाव फळ्यावर लिहिलेला. मेहदीपट्टणम आणि एर्रागड्ड्याच्या बाजारांत मी स्वतः पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलेलो आहे. भाजी ताजी आणि स्वस्त मिळाली हे नाकारता येणार नाही. पण बाजार म्हटला की आधी खिशात पैसा लागतो. पुढे 2011-12 च्या सुमारास केंद्राच्या नागरी भाजीपाला योजनेतून हैदराबादच्या गच्च्यांवर भाजी लावण्यासाठी वाफे, माती, बियाणे यांचा संच निम्म्या अनुदानात मिळू लागला. उत्साही मंडळींनी सुरेख गच्चीबागा फुलवल्या. मात्र गच्ची असणाऱ्यालाच अनुदान! पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या बाईने वाफा कुठे मांडावा?

हिशेब करून पाहा. पोषण संस्थेच्या 2011 च्या आहारमार्गदर्शिकेप्रमाणे दर माणशी रोज 300 ग्रॅम भाजी हवी, त्यातली 50 ग्रॅम पालेभाजी. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो, महिन्याला पंचेचाळीस किलो. एवढे सगळे मळ्यातून येणार नाही हे उघड आहे. पण पालेभाजीचा वाटा, म्हणजे दिवसाला पाव किलो, एका चांगल्या वाफ्याच्या आवाक्यातला आहे.

जमेच्या बाजूलाही एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या वाटेवरच आहे. उमरग्याहून हैदराबादला जाताना जहीराबाद लागते. तिथल्या पस्तापूरला 1983 पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने काम उभे केले; पी. व्ही. सतीश हे त्याचे एक संस्थापक, 2023 साली ते वारले. सुमारे पंचाहत्तर गावांतल्या गरीब, बहुतांशी दलित बायकांनी संघम् स्थापले, पडीक जमिनी कसल्या, गावातच धान्यकोठार केले आणि कोणाच्या घरी किती धान्य जावे हे गावाच्या सभेत ठरवले. ज्वारी-बाजरीच्या रानात आपोआप उगवणाऱ्या भाज्या त्यांनी तण म्हणून उपटल्या नाहीत, ताटात घेतल्या. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात तरोट्याच्या भाजीवर दिवस काढणाऱ्यांना याचे मोल समजेल. हे काम पंचायतीचे नव्हे, पण पंचायतींनी शिकावे असे आहे. जमीन, बी आणि वाटप या तिन्ही गोष्टी खाणाऱ्यांच्याच हाती होत्या, म्हणून ते टिकले.

2018 पासूनच्या पोषण अभियानात अंगणवाड्यांतून 'पोषणवाटिका' लावण्याचे आवाहन झाले. साठ वर्षांपूर्वीच्या मळ्याची ही नातच. आजीचे दुखणे नातीला होऊ नये एवढे तरी आपण पाहू शकतो. आपल्या सीमाभागातल्या ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांना माझे सांगणे थोडके आहे. एक गुंठा जागा ठरवावी, पण ती किती वर्षांसाठी आणि कोणत्या बायकांच्या गटाला, हे ठरावात लिहून द्यावे. बियाण्याच्या आधी नळाची तोटी बसवावी. उन्हाळ्यात पाणी कोण देणार तेही ठरावातच असावे. भाजी आधी कोणत्या मुलांच्या ताटात जाईल, उरली तर विकून पैसा कोणाकडे जमा होईल, हे पहिल्या दिवशी चावडीवर वाचून दाखवावे. आणि ठराव दोन्ही भाषांत असावा. अंबाडी असो की गोंगूरा, कागद ज्याला वाचता येतो त्यालाच हक्क मागता येतो.