टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ऑसिलोस्कोपची दुरुस्ती
टेक्ट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकात तयार केलेले, निर्वात नलिकांवर चालणारे अनेक ऑसिलोस्कोप दुरुस्तीनंतर पुन्हा वापरात येऊ शकतात. त्यांतील सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवरील खाचांत डाखलेले असतात. ह्या खाचांना चांदीचा पातळ थर असतो. कथील-शिशाचा साधा डाख वारंवार वापरल्यास ही चांदी त्यात विरघळते आणि खाच निकामी होते. म्हणून सुमारे ३ टक्के चांदी मिसळलेला डाख वापरतात. त्याची लहान गुंडाळी कंपनी उपकरणातच ठेवत असे. वीजपुरवठा तोडल्यावरही धारित्रांमध्ये प्राणघातक विद्युतभार उरू शकतो. तो काढून टाकल्याखेरीज आतील भागांस स्पर्श करणे धोक्याचे असते.