पितळी दागिने : घासण्याआधी ओळख हवी

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की देवघरातील समई, निरांजने, तांब्या-पळी घासून लख्ख करण्याची लगबग सुरू होते. त्याच चिंचेच्या कोळात मग कपाटातील पितळेची कर्णफुले, बांगड्या आणि गळ्यातलेही ओघाने जाऊन पडते. समई उजळून निघते. दागिना मात्र कधी लालसर होतो, कधी त्याचे खडे सुटून वाडग्याच्या तळाशी जातात, तर कधी सोन्याचा मुलामा निघून जातो आणि ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो.

यात दोष चिंचेचा नाही. भांडे आणि दागिना एकाच धातूचे असले तरी त्यांची बांधणी निराळी असते. भांड्याचा पत्रा जाड, एकसंध आणि घासणे सोसणारा असतो. दागिन्यात बारीक तार, डाख देऊन जोडलेले सांधे, कोंदणातील खडे, लाख, रेशीम, मुलामा असे बरेच काही एकत्र नांदत असते. त्यामुळे एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला बाधतो.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. जस्ताचे प्रमाण १०-१५ टक्के असेल तर रंग लालसर सोनेरी दिसतो. ते ३० टक्क्यांपुढे गेले की पितळ पिवळेधमक होते. काळवंडण्याचे मुख्य कारण त्यातील तांबे होय. हवेतील प्राणवायू आणि गंधकयुक्त वायू यांच्याशी संयोग होऊन त्यावर तपकिरी-काळे पूट चढते. घामातील आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेतील क्षार दमटपणाच्या साथीने हिरवट कळंक निर्माण करतात. यातील तपकिरी पूट बहुधा निरुपद्रवी असते आणि पुष्कळांना ते आवडतेही. हिरवा, भुकटीसारखा कळंक मात्र वेळीच काढणे इष्ट, कारण ओलावा धरून ठेवून तो आत झिरपत जातो.

दागिना कशाचा आहे?

पहिली कसोटी लोहचुंबकाची. पितळ चुंबकाला चिकटत नाही. दागिना चिकटल्यास आत लोखंड असून वर केवळ मुलामा आहे असे समजावे. त्यानंतर सतत घासल्या जाणाऱ्या जागा पाहाव्यात : बांगडीची आतली कड, साखळीची कडी, कर्णफुलाची फिरकी. तेथील रंग बाकीच्या भागापेक्षा वेगळा दिसला तर वर मुलामा आहे. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून विकले जाणारे दागिने याच वर्गात मोडतात. तांब्या-पितळेवर सोन्याचा अत्यंत पातळ थर, एवढेच त्यांचे रूप. लिंबू, चिंच, पावडर, टूथपेस्ट यांतील काहीही त्यांना लावू नये. ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करणे, इतकीच त्यांची निगा. गेलेला मुलामा घासून परत येत नाही, उलट उरलेलाही जातो.

काही दागिन्यांवर लाखेचा वा व्हार्निशसारखा पारदर्शक लेप दिलेला असतो. असा दागिना सर्वत्र सारखा न काळवंडता ठिपक्या-ठिपक्यांनी काळा पडतो. लेप जेथे फुटला, तेथेच हवा पोहोचते. तो घरी खरवडण्याचा प्रयत्न करू नये.

बोरमाळ किंवा कोल्हापुरी साजाच्या धर्तीवरील पोकळ मण्यांत अनेकदा लाख भरलेली असते. गरम पाण्याने ती मऊ पडते आणि मणी चेपतात. ठुशीचा रेशमी गोंडा भिजला की आतून लवकर वाळत नाही व धातूला ओल लागून राहते. मोत्यांचे तर आम्लाशी वैरच. खऱ्या मोत्याचा पृष्ठभाग आम्लात विरघळतो, नकली मोत्याचे वरचे आवरण सुटते.

आणखी एक प्रकार हौशी घासणाऱ्यांच्या हातून विशेष बिघडतो. छत्तीसगडमधील बस्तरचे ढोकरा दागिने मेणाच्या साच्यावरून ओतलेले असतात. मेणाच्या धाग्यांनी घडवलेली नक्षी धातूत जशीच्या तशी उमटते आणि तिच्या खाचांतील काळसरपणामुळेच ती डोळ्यांत भरते. ‘अँटिक पॉलिश’च्या दागिन्यांतही खोलगट भाग मुद्दाम काळे केलेले असतात. हा काळेपणा मळ समजून काढला तर दागिना चकाकतो खरा, पण नक्षी सपाट दिसू लागते. अशा दागिन्याचे फक्त उंच भाग कोरड्या कापडाने हलकेच पुसावेत.

स्वच्छतेची रीत

दागिना निखळ पितळेचा असून त्यात खडे, मोती, लाख वा धागा नाही, अशी खात्री झाल्यावरच पाण्याला हात लावावा. कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब घालून दागिना पाच-दहा मिनिटे ठेवावा व लहान मुलांच्या मऊ ब्रशने खाचाखोचा साफ कराव्यात. साबणाऐवजी रिठ्याचे गाळलेले पाणीही चालते. सोनारांच्या पेढ्यांवर दागिने धुण्यासाठी रिठे वापरण्याची पद्धत जुनी आहे. निम्म्याहून अधिक दागिन्यांचे काम येथेच संपते. काळेपणा म्हणून जे दिसते ते पुष्कळदा घाम, पावडर आणि अत्तर यांचे थर असतात.

एवढ्याने न भागल्यास लिंबाचा रस व गव्हाचे पीठ यांची दाटसर पेस्ट करून चिमूटभर मीठ घालावे, ती दागिन्यावर बोटाने पसरावी आणि दोन मिनिटांत धुऊन टाकावी. चिंचेचा कोळही तसाच वापरता येतो. चिंचेतील टार्टारिक व लिंबातील सायट्रिक आम्ल काळे पूट विरघळवते, मीठ ती क्रिया जलद करते. गरज वाटल्यास पुन्हा दोन मिनिटे लावावे, पण दागिना रात्रभर भिजत टाकू नये. जास्त वेळ आम्लात राहिलेल्या पितळातील जस्त निघून जाते, शिवाय विरघळलेले तांबे पुन्हा पृष्ठभागावर बसते. लिंबाच्या पाण्यातून सकाळी लालसर बांगडी बाहेर निघते ती यामुळे. शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, सुती कापडाने टिपावे आणि अर्धा तास पंख्याखाली वाळू द्यावे. सांध्यात राहिलेले पाणी हेच पुढच्या कळंकाचे बीज असते.

कळंकाचा एखादाच ठिपका असेल तर लिंबाच्या रसात बुडवलेली लाकडी काडी तेवढ्या जागी फिरवणे पुरेसे आहे. रांगोळी, राख, वाळू आणि तारेची घासणी यांनी बारीक ओरखडे पडतात. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात. चांदीसाठी सांगितला जाणारा अॅल्युमिनियमच्या कागदाचा व सोड्याचा प्रयोग पितळासाठी नाही.

काचा पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. त्यापासून विशेष जपावे. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत असत. काडतुसे घोड्यांच्या पागेत साठवलेली होती आणि घोड्यांच्या मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया त्याला कारण होता, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. ठोकून वा वाकवून घडवलेल्या पितळात ताण साठलेला असतो. त्याला अमोनिया मिळाला की धातू चिरतो. वाकवून केलेली कडी आणि बांगडी यांच्या बाबतीतही धोका हाच.

अंगावर व पेटीत

पितळ घातल्याने त्वचेवर हिरवट डाग पडतो तो तांब्याच्या क्षारांचा. साबणाने तो जातो व सहसा काही अपाय होत नाही. खाज, पुरळ किंवा लाली आल्यास मात्र मुलाम्याखालील निकेलची शंका घ्यावी व तो दागिना वापरणे थांबवावे. नुकत्याच टोचलेल्या कानात पितळ घालू नये. काही पितळात थोडे शिसेही असते, म्हणून तान्ह्या मुलांच्या तोंडात जाईल असा पितळी दागिना त्यांच्या हाती नको.

अत्तर, केसांचा स्प्रे आणि क्रीम आधी, दागिना शेवटी, आणि घरी परतल्यावर तो सर्वांत आधी उतरवून कोरड्या कापडाने पुसावा. चमक टिकावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवण्याची सवय अनेक घरांत आहे. तेल खवट झाले की त्यातील आम्लांमुळेच हिरवा थर धरतो. त्यापेक्षा मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने चोळणे बरे. ठेवताना प्रत्येक दागिना स्वतंत्र, बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालावा व सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. रबर बँड व लोकर यांतील गंधकाने पितळ काळे पडते, तर कापूस ओल धरतो.

मुलामा फारच गेला असेल तर पॉलिश करणाऱ्याकडून सोन्याचे पाणी पुन्हा देता येते. त्यासाठी दागिना रसायनांत बुडवावा लागत असल्याने मोती, खडे व धागा आधी काढावे लागतात. मजुरी ठरवतानाच हे काम त्यात धरले आहे ना, हे विचारून घ्यावे.