अश्वारोहणोपचार

शारीरिक वा बौद्धिक विकलांगता असलेल्या व्यक्तींचा तोल, स्नायुनियंत्रण व आत्मविश्वास वाढविण्यासाठी घोडेस्वारीचा केलेला नियोजित उपयोग. याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात भौतिकी चिकित्सेचा तज्ञ घोड्याच्या चालीचाच उपचार म्हणून उपयोग करतो, तर दुसऱ्यात स्वाराला त्याच्या कुवतीनुसार स्वारीचे शिक्षण दिले जाते.

घोडा संथपणे चालत असता त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली व दोन्ही बाजूंना हलते. ही लय स्वाराच्या कटिभागात उतरते आणि ती माणसाच्या स्वतःच्या चालण्यातील कटिभागाच्या हालचालीशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ज्याला पायांनी चालता येत नाही, त्याच्या धडालाही चालण्याचा अनुभव मिळतो. प्रत्येक पावलागणिक तोल सावरावा लागत असल्याने पाठीचे व पोटाचे स्नायू काम करू लागतात.

भारतात शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्येची परंपरा व जयदत्ताचा अश्ववैद्यक हा ग्रंथ यांचा विषय मुख्यतः घोड्याचे पालन व त्याचे रोग हा होता. स्वारीने माणसाचे आरोग्य सुधारते, हा विचार यूरोपात फ्रान्सिस फुलर या इंग्रज लेखकाने ‘मेडिसिना जिम्नास्टिका’ (१७०५) या ग्रंथात विस्ताराने मांडला. तथापि विकलांगांसाठीच्या आधुनिक चळवळीला चालना मिळाली ती लिस हार्टेल या डॅनिश महिलेमुळे. १९४४ मध्ये पोलिओमुळे तिचे गुडघ्याखालील पाय लुळे पडले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास तिला मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात तिने रौप्यपदक मिळविले. या प्रकारात स्त्रियांना प्रवेश मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक होते. १९५६ मध्ये स्टॉकहोम येथे तिने पुन्हा रौप्यपदक पटकाविले. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘राइडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ व त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत तशीच संघटना स्थापन झाली. १९९६ पासून ड्रेसाजचा पॅरालिंपिक स्पर्धांत नियमित समावेश आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बैठकीत व तोलात या उपचाराने सुधारणा झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र हे अभ्यास बहुधा थोड्या मुलांपुरते मर्यादित असल्याने इतर उपचारांना पूरक म्हणूनच त्याकडे पाहावे लागते. मानेच्या वरच्या मणक्यांची अस्थिरता, आटोक्यात नसलेले अपस्माराचे झटके वा हाडांचा अतिठिसूळपणा असल्यास स्वारी धोक्याची ठरते. म्हणून वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. नवख्या स्वाराच्या घोड्याचा लगाम धरणारा एक व दोन्ही बाजूंनी चालणारे दोन, असे तीन साहाय्यक ठेवण्याची पद्धत आहे.

खानदेशाच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. तापीकाठच्या सारंगखेडा (ता. शहादे) येथे दत्तजयंतीपासून भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. त्यानंतर ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. मारवाडी, काठेवाडी आदी जातींचे घोडे येथे येतात. गिऱ्हाईक रंग, भोवरे, उंची व रेवाल चाल पारखून घेते; वरातीत वाद्यांवर नाचणाऱ्या घोड्याला मोठी किंमत मिळते. उपचारासाठी लागणाऱ्या घोड्याची पारख याहून वेगळी आहे. त्याची उंची बेताची, पाठ रुंद, पाऊल सारखे व स्वभाव शांत असावा लागतो. अचानक आलेल्या आवाजाने वा स्वाराच्या अनैच्छिक हालचालीने तो बुजता कामा नये. उमदा व चपळ घोडा येथे निरुपयोगी ठरतो, तर बाजारात दुर्लक्षित राहणारे मध्यम वयाचे निवांत जनावर मोलाचे ठरते.

विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे २१ प्रकार मान्य करून पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. साक्रीसारख्या तालुक्यात पश्चिमेकडील डोंगराळ पाड्यांतील मुलाला नियमित भौतिकी चिकित्सेसाठी शहर गाठणे म्हणजे पालकांची मजुरी बुडणे होय. घोडा गावात आणता येतो. पण तज्ञाची देखरेख नसेल, तर ती केवळ रपेट राहते, उपचार होत नाही. खानदेशात घोडे जाणणारे मोतद्दार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या या ज्ञानाला चिकित्साशास्त्राची जोड मिळण्यावरच येथील अश्वारोहणोपचाराचे भवितव्य अवलंबून आहे.