संशय, वाद आणि सत्यशोधन : एकोणिसाव्या शतकातील मराठी वादविश्वाचा एक पैलू

न्यायदर्शनाने कथेचे तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी केला जातो तो वाद, विजयासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वपक्षाची स्थापना न करता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. याच दर्शनाच्या सोळा पदार्थांत ‘संशया’लाही स्थान आहे. संशय ही येथे श्रद्धेची उणीव नसून निर्णयाकडे नेणाऱ्या प्रक्रियेची पूर्वअट आहे. एकोणिसाव्या शतकात मुद्रणामुळे मराठीत जे सार्वजनिक क्षेत्र आकाराला आले, त्याची चर्चा बहुधा हाबरमासच्या परिभाषेत, म्हणजे युरोपीय प्रबोधनाच्या नमुन्यावर केली जाते. परंतु त्या क्षेत्रात संशय कोणी, कोणावर आणि कोणत्या मर्यादेपर्यंत घ्यायचा, हा प्रश्न विचारला की वाद आणि जल्प हा जुना भेदच अधिक उपयोगी ठरतो.

1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि 1842 मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुराणांतील असंभाव्य कथा, मूर्तिपूजा, जातिभेद यांवर मिशनऱ्यांनी तर्काची कुऱ्हाड चालविली. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जे जाहीर वाद केले, त्यांत हीच कुऱ्हाड उलट दिशेने फिरली. या वादांचा एक वृत्तांत मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला, तर मराठी वृत्तांत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने पुढे पुस्तकरूपाने आला. एकाच घटनेचे दोन्ही पक्षांकडून ग्रंथ व्हावेत, हीच बाब बोलकी आहे. दोन्ही पक्ष बुद्धीला आवाहन करीत होते. पण प्रतिपक्षाच्या ग्रंथाला लावलेली कसोटी स्वतःच्या ग्रंथाला लावण्याची तयारी कोणाचीच नव्हती. संशय हे येथे शस्त्र होते, पद्धती नव्हे. श्रोत्यांसमोरचा हा व्यवहार स्वरूपाने जल्पाचाच होता. तरीही त्याचे ऐतिहासिक मोल कमी नाही. धर्मग्रंथाविषयी चारचौघांत शंका विचारता येते आणि तिला उत्तर द्यावे लागते, हा पायंडा त्याने पाडला.

1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे झालेला पुनर्विवाहवाद ही पुढची पायरी होय. विष्णुशास्त्री पंडित व त्यांचे सहकारी पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिले. पंच नेमले गेले, वचनांचा कीस काढला गेला आणि निर्णय विरोधकांच्या बाजूने लागला. सुधारकांनी येथे संशय घेतला तो शास्त्रवचनाच्या प्रचलित अर्थाविषयी. वचनाच्या प्रामाण्याविषयी नव्हे. वाद कोणत्या प्रमाणाच्या आधारे चालवायचा हे एकदा मान्य केले की निकालाचा बराचसा भाग आधीच ठरून जातो. ज्या स्त्रियांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता, त्यांची साक्ष या चौकटीत प्रमाण म्हणून बसतच नव्हती. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882) या ग्रंथाने तीच साक्ष निराळ्या मार्गाने पुढे आणली. तिचा रोख ‘शास्त्र काय सांगते’ यापेक्षा ‘शास्त्र कोणी रचले’ या प्रश्नाकडे होता.

हा प्रश्न जोतीराव फुले यांनी आधीच केंद्रस्थानी आणला होता. 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ‘गुलामगिरी’ची रचना धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाची आहे. धोंडिबा शंका काढतो आणि प्रत्येक शंकेसरशी अवतारकथांच्या आड दडलेला सत्तेचा इतिहास उलगडत जातो. फुल्यांच्या शब्दव्युत्पत्ती आणि आर्य-आक्रमणाची त्यांची मांडणी आजच्या इतिहासशास्त्राला जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. पण त्यांचा ज्ञानमीमांसक प्रश्न त्यामुळे बाद होत नाही. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनीच पुरावा निर्माण केला असेल, तर त्या पुराव्याबाहेरच्या सत्याचा शोध कसा घ्यायचा? बळीच्या लोकस्मृतीकडे, सणांकडे, शेतकऱ्याच्या भाषेकडे ते वळतात ते या अडचणीतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या भाषेची व व्याकरणाची टर उडविली. ही टीका शैलीपुरती नव्हती; सार्वजनिक वादात उतरण्याचा परवाना कोणाकडे आहे, हेच ती ठरवू पाहत होती.

गोपाळ गणेश आगरकरांचा संशय वेगळ्या मुशीतला आहे. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून घडलेल्या आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ सोडला आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधात ते ईश्वरकल्पनेचाच इतिहास मांडतात. 1891 च्या संमतिवयाच्या वादात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे विद्वान शास्त्राधारांनी कायद्याचे समर्थन करीत होते. आगरकरांचा भर मात्र विवेक आणि मानवी सुखदुःख यांवर होता. आपल्याच समाजाच्या श्रद्धांवर रोखलेल्या या संशयाची किंमत त्यांना मोजावी लागली. ते हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली.

फुले आणि आगरकर यांना एका ‘बुद्धिवादी’ परंपरेत ओवण्याची प्रथा रूढ आहे. पण तीमुळे दोघांतील महत्त्वाचा भेद झाकला जातो. आगरकर विचारतात, या विधानाला आधार काय? फुले विचारतात, हे विधान करण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला? आगरकरांचा संशय ईश्वरापर्यंत पोचतो, पण आपला वाचक प्रामुख्याने इंग्रजी शिकलेला उच्चवर्णीय आहे, या वस्तुस्थितीचे सैद्धांतिक परिणाम तो तपासत नाही. फुल्यांचा संशय ज्ञानाच्या मक्तेदारीला हात घालतो, पण निर्मिकापाशी थांबतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (1891) सत्य हे नैतिक अधिष्ठान बनते. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन राहण्यासाठी सत्यशोधक रामशेठ उरवणे पुढे आले. व्यवहारातील या जवळिकीला साजेसा वैचारिक संवाद मात्र दोन्ही प्रवाहांत रुजला नाही. दोघेही आपापल्या प्रतिपक्षाशी झुंजत राहिले, आणि एकमेकांच्या संशयाने आपला संशय तपासून घेण्याची संधी हुकली.

मराठी वादविश्वाचा वारसा म्हणून केवळ निर्भयतेचा गौरव करणे म्हणूनच अपुरे ठरते. निर्भय जल्पही असू शकतो. वादाला वादपण येते ते आधार आणि अधिकार हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी, आणि स्वपक्षालाही, विचारले जातात तेव्हा. एकोणिसाव्या शतकाने हे दोन्ही प्रश्न मराठीत उपलब्ध करून दिले. त्यांची सांधेजोड मात्र त्याने पुढच्या पिढ्यांवर सोपविली.