दुष्काळाचा हिशोब मांडणारा पत्रकार

तुळजापूरकर म्हणून मला पी. साईनाथ आठवतात ते एका मोटारसायकलमुळं. २०१३ च्या दुष्काळात त्यांनी ‘द हिंदू’त आपल्या जिल्ह्यातल्या ताकविकीबद्दल लिहिलं: एक गडी महिन्याला ८०० रुपयांचं पेट्रोल जाळतोय, तेही फक्त घरचं पाणी आणायला! पेपरात धरणाचे टक्के छापून येत होते. यांनी घराचा खर्च मांडला.

ही सवय जुनी. १९९३ पासून ते देशातल्या गरीब जिल्ह्यांत हिंडले, १९९६ ला त्यावर पुस्तक आलं. २००७ ला मॅगसेसे मिळाला, तरी थांबले नाहीत; २०१४ ला ग्रामीण भारतासाठी ‘पारी’ सुरू केलं.

पत्रकार मित्रांनो, टँकर आला ही बातमी झालीच. पण त्याची वाट बघताना बाईची मजुरी किती बुडाली, ते कोण लिहिणार?