मालक बदलला, देणे कोणाचे?

कुर्डुवाडी स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एखाद्याच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट हमखास दिसते. मोठे ऑपरेशन म्हटले की सोलापूर, नाहीतर पुणे. अशा प्रवाशांना मी एकच सांगतो, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या. त्या कागदाचे मोल कळायचे तर याच स्टेशनाची एक जुनी गोष्ट आठवावी लागते.

१८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवर 'बार्शी लाईट' धावू लागली. कंपनी विलायतेतली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. त्याआधी नोव्हेंबरातच कंपनीने कामगारांना नोकरी संपत असल्याची नोटीस दिली होती. बहुतेकांना सरकारने कामावर घेतले. पण जुन्या कंपनीने भरपाई द्यायची की नाही? भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ साली निकाल लागला, तो कामगारांच्या विरोधात. धंदाच दुसऱ्याकडे गेला, तर ती कायद्यातली 'कपात' ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. संसदेने १९५७ साली कायदा दुरुस्त केला आणि मालक बदलला तरी कामगाराचा हक्क बुडणार नाही, अशी तरतूद केली.

आता रुग्णालयांकडे वळू. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना सरकारी जमीन, जादा चटईक्षेत्र, करांत सूट अशा सवलती मिळाल्या. त्या बदल्यात गरिबांची सेवा करावी, म्हणून १९८५ साली सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ कक आले. तरी खाटा मिळेनात. अखेर २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने योजनाच घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत.

दरम्यान रुग्णालयांचाही बाजार झाला. पुण्याच्या सह्याद्री समूहात २०२२ साली कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने मोठा हिस्सा घेतला; २०२५ साली मणिपाल समूहाने तो समूह विकत घेण्याचे जाहीर केले. अशा व्यवहारांत कायदा मोडतो असे नाही. पण कित्येक ठिकाणी जमीन न्यासाची आणि कारभार कंपनीचा असतो. न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. कंपनीचे शेअर विकायला लागत नाही. बंधन न्यासावर, गल्ला मात्र कंपनीकडे. मग गरिबाने खाट मागायची कोणाकडे?

माझे म्हणणे साधे आहे. सवलत जमिनीबरोबर पुढे जाते, तर देणेही पुढे गेले पाहिजे, आणि ते खरेदीखतातच लिहिले पाहिजे. बार्शी लाईटच्या कामगारांचा हक्क शेवटी कायद्यात लिहावा लागला. केवळ नव्या मालकाच्या भलेपणावर तो सोडला नाही. तोवर दाखला जपून ठेवा आणि काउंटरवर न लाजता विचारा. ती भीक नव्हे, आपल्याच जमिनीचे भाडे आहे.