निजामशाहीचा परागंदा मित्र

येडगावच्या धरणाशी अडलेले कुकडीचे पाणी डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांकडे निघते, आणि त्या कालव्याच्या कडेने चालताना माझ्या मनात हटकून येते की, आमच्या जुन्नरची गादी उचलून अहमदनगरास गेलेली निजामशाहीही याच उताराने पूर्वेकडे वाहत गेली. जुन्नरास ठाण मांडून बसलेल्या मलिक अहमदाने १४९० साली बहामनी फौजेचा मोड केला, स्वतःच्या नावे अंमल सुरू केला आणि १४९४ मध्ये नवे शहर वसविण्यास आरंभ केला, हा इतिहास आमच्या तालुक्यातील शाळकरी पोरासही ठाऊक असतो. मात्र त्याच घराण्याच्या दरबारात, मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाणशहा याच्या कारकीर्दीत, मायदेशास पारखा झालेला एक युरोपीय वैद्य येऊन जात असे आणि सुलतानाचा वैद्य व स्नेही म्हणून त्याची तेथे मान्यता होती, हे ठाऊक असणारे फारच थोडे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचे परागंदापण त्याच्या जन्माआधीच सुरू झाले होते. त्याचे आईबाप स्पेनमधील यहुदी. १४९२ साली राजाज्ञेने सर्व यहुद्यांना तो देश सोडावा लागला, तेव्हा ही मंडळी सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, तेथेही सक्तीने बाप्तिस्मा घेऊन ‘नवख्रिस्ती’ या संशयित वर्गात ढकलली गेली. सरहद्दीजवळच्या कास्तेलो द विदे या गावी, १५०० च्या सुमारास, ओर्ता जन्मला. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकला. लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला. आणि एवढी प्रतिष्ठा हाती आलेली असताना १५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिं आफोंसो द सौझा याच्या ताफ्याबरोबर वैद्य म्हणून गलबतावर चढला व सप्टेंबरात गोव्यास उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायासनाची, स्थापना झाली. हे ध्यानी घेता त्याचे हे प्रस्थान केवळ धनलोभाचे होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १५४७ मध्ये लिस्बनला त्याच्या बहिणी पकडल्या गेल्या, आणि सुटका होताच आईसह त्या त्याच्याकडे गोव्यास आल्या. परागंदा माणसाचे घर हे दुसऱ्या परागंदांचे आश्रयस्थान व्हावे, हा त्या काळचा रिवाज या घराने पाळला.

अहमदनगरच्या दरबारात तेव्हा इराणी व तुर्की हकीम मोठ्या मोईनीवर तैनात होते, आणि इराणातून जीव वाचवून आलेला शाह ताहिर हा शिया पंडित तर बुऱ्हाणशहाचा सल्लागारच झाला होता. या हकिमांशी ओर्ताने वादसंवाद केला, त्यांच्या औषधांची नावे टिपून घेतली. आणि त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे की, सुलतान त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि तो सुलतानास त्यांचीच लॅटिन नावे सांगे. मला या प्रसंगाचे विलक्षण अप्रूप आहे. फिरिश्ता या बखरकाराने नोंदल्याप्रमाणे बुऱ्हाणशहाचा आजा मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला. विजयनगरच्या लढाईत कैद होऊन त्याला धर्म बदलावा लागला होता. आपल्या पूर्वजांचा धर्म ज्यांच्याकडून बळजबरीने काढून घेतला गेला, अशा दोन घराण्यांतील हे दोघे पुरुष एकमेकांस रोगांची नावे शिकवीत बसले आहेत, आणि त्या वेळी त्यांच्या बैठकीत धर्माचा प्रश्न उपस्थितही होत नाही!

१५६३ च्या एप्रिलात गोव्याच्या छापखान्यात ओर्ताचा हिंदी वनस्पती व औषधींवरील संवादग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक आहे, आणि कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची पहिली छापील कविताही त्यातच आहे. गेलन व डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या वचनांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे मानणारा हा ग्रंथ १५६७ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लॅटिनमध्ये संक्षिप्त करून युरोपभर नेला. मराठी वाचकाने त्यातील महामारीचे प्रकरण अवश्य पाहावे. त्या रोगाला येथील लोक जे म्हणतात ते ‘मोर्शी’, आणि आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो, असे ओर्ता लिहितो. अरब त्यालाच हैजा म्हणतात, हेही तो सांगतो. ही आपली मोडशीच! खोल गेलेले डोळे, थंड पडलेली कातडी, क्षीण झालेली नाडी, पोटऱ्यांत येणारे वांब, आणि काही घटकांत ओढवणारा मृत्यू, असे वर्णन करून येथील वैद्य रोग्यास तांदळाची कांजी मिरे व जिरे घालून पाजतात, पावलांना डाग देतात, हेही तो तुच्छता न दाखवता लिहून ठेवतो. आमच्या घरी जुलाब लागलेल्या पोराला जिरे घातलेली पातळ पेज वाटीवाटीने पाजण्याची चाल अजून आहे. चारशे वर्षांनंतर, १९७१ साली, पूर्व बंगालमधून लोटलेल्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपासून चाराच्या आत आणले. आजीची पेज म्हणजे ते शास्त्रशुद्ध द्रावण नव्हे. परंतु शोष पडलेल्या रोग्यास पाजीत राहावे, ही समज आपल्या मुलखातील स्वयंपाकघरांत होती, आणि ती लिहून ठेवणारा माणूस स्वतः निर्वासितांचा पुत्र होता.

त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ओर्ता वैद्यकाबरोबर व्यापारही करी. मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले होते, व तेथील आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो याचे त्याला कौतुक होते. आणि ग्रंथात झाडपाला आणून दाखविणारी आंतोनिया ही त्याची दासी, विकत घेतलेली बाई होती. ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविषयी जागा असतोच असे नाही, हे त्याच्याच पुस्तकाच्या पानांवर दिसते.

१५६० मध्ये धर्मन्यायासन गोव्यातही आले. १५६८ साली ओर्ता वारला, तो निदान आपल्या अंथरुणावर. मात्र त्याच्या पश्चात बहीण कातारीना पकडली गेली आणि १५६९ च्या ऑक्टोबरात तिला जिवंत जाळण्यात आले. कैदेतील नातलगांच्या जबान्यांतून ओर्ता मनाने यहुदीच होता असा निष्कर्ष काढण्यात आला. छळाच्या सावलीत घेतलेल्या जबानीला मी पुरावा मानीत नाही; आणि ती खरी असली तरी त्यात गुन्हा कोणता, हे मला कळत नाही. १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. ज्याने गोव्यात तीस वर्षांहून अधिक काळ रोग्यांच्या नाड्या पाहिल्या, त्याला तेथे साडेतीन हात जमीनही राहू दिली नाही. ते न्यायासन पुढे १८१२ साली कायमचे बंद झाले.

आज पणजीतील नगरोद्यानाला ओर्ताचे नाव आहे, आणि पोर्तुगालात आल्मादा येथे त्याच्या नावाचे रुग्णालय आहे. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात त्याची कसलीही खूण नाही. शिक्षक मंडळींनी निजामशाहीचा पाठ घेताना, मलिक अहमद, बुऱ्हाणशहा, मलिक अंबर या नावांच्या ओळीत या वैद्याचेही नाव मुलांना सांगावे, आणि मोडशी हा आपला शब्द त्याने छापून युरोपास नेला हेही सांगावे, एवढी माझी विनंती आहे.